अर्ध्या तासाचा राजा

आमच्या पनवेलच्या कॉलेजात भीतीचीही वाटणी झालेली होती. मुलींनी घाबरायचं, मुलग्यांनी घाबरायचं नाही. या वाटणीवर प्राचार्यांपासून शिपाई मावशींपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं, आणि हे विशेषच, कारण एरवी स्टाफरूममधला पंखा एकवर ठेवायचा की दोनवर यावरूनही तिथे तट पडत. मी तिथे संख्याशास्त्र शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये विभागप्रमुखांनी ‘या वर्षीही या’ म्हटलं तर मी मॅडम, नाहीतर खांदा कॉलनीतल्या तिसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालणारी बाई. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे वागले त्याला लोक हेच कारण देतात. मीही देत असे. आता देत नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी गेटपाशी उभं राहिलं की दोन नाटकं फुकटात बघायला मिळत. डाव्या हाताला, जिन्याच्या सावलीत मुली. ‘माझं काहीच झालेलं नाही गं,’ असं एकीने म्हटलं की दुसरी कपाळाला हात लावून म्हणे, ‘तुझं निदान चौथं युनिट तरी झालंय, मी तर मेलेच.’ या मेलेल्या मुलींनी पुस्तक तीनदा संपवलेलं असे, चार रंगांच्या पेनांनी. उजव्या हाताला, टपरीपाशी मुलगे. त्यांच्यातली चढाओढ उलटी. एकाने काल दुपारी वाचायला घेतलं असेल तर दुसऱ्याने घेतलेलंच नसे, आणि तिसऱ्याला आज कुठला पेपर आहे हे आत्ताच कळलेलं असे. या तिसऱ्याच्या खिशात सूत्रांची चिठ्ठी असायची. कॉपीसाठी नव्हे, शेवटच्या क्षणी संडासात जाऊन वाचण्यासाठी. ‘माझा अभ्यास झालाय’ म्हणणारी मुलगी आगाऊ समजली जायची. ‘मला भीती वाटते’ म्हणणारा मुलगा काय समजला गेला असता ते मला सांगता येणार नाही, कारण माझ्या सात वर्षांत तसं म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

मीसुद्धा त्या डाव्या बाजूच्या सावलीतच वाढले. बारावीला माझे हातपाय गार पडायचे. आई हातावर दही-साखर ठेवून म्हणायची, ‘एवढं काय टेन्शन घेतेस? नाही झालीस पास तर काय आभाळ कोसळणार आहे का?’ आणि मला ते प्रेम वाटायचं. प्रेम होतंही. माझ्या भावालाही दही-साखर मिळायची, पण वाक्य मिळायचं नाही. वडील चपला घालता घालता फक्त एकदा त्याच्याकडे बघायचे. त्याला भीती वाटते का, हे कोणी विचारलं नाही, मीही नाही. फार उशिरा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला घाबरायची मुभा होती, कारण माझ्या निकालावर कोणाचंच काही अडलेलं नव्हतं. त्याच्या निकालावर सगळं घर डोळे लावून बसलेलं होतं, म्हणून त्याला ती मुभा नव्हती. तेव्हापासून मला त्या दही-साखरेचा राग येतो.

तर एका वर्षी कॉलेजच्या तपासणीला समिती येणार असं ठरलं आणि सगळ्यांना एकदम उपक्रम आठवले. कुंड्या आल्या, पाट्या रंगल्या, वर्षभर कोरं पडलेलं ग्रंथालयाचं रजिस्टर एका दुपारीत भरून निघालं. विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

‘मॅडम, एक सर्व्हे करून टाका. विद्यार्थिनी आणि परीक्षेची भीती. मग आपण मुलींसाठी कार्यशाळा घेऊ, फोटो येतील.’

‘मुलग्यांचं काय, सर?’

‘त्यांचेही फॉर्म घ्या ना, तुलनेला लागतील. चार्टमध्ये मुलींचे खांब गुलाबी करा, मुलग्यांचे निळे. गुलाबी उंच दिसले पाहिजेत.’

खांब किती उंच येणार हे असं ठरल्यावर मी माहिती गोळा करायला निघाले. संख्याशास्त्रात हा क्रम उलटा असतो, पण ते मी फक्त वर्गात सांगत असे.

तिसऱ्या वर्षाच्या वर्गात फॉर्म वाटले. साधे प्रश्न होते. पेपरआधी झोप लागते का, हात थरथरतात का, वाचलेलं आठवेनासं होतं का. उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘नाव लिहू नका. खरं लिहा.’ लगेच पहिल्या बाकावरून हात वर आला.

‘मॅडम, हे किती मार्कांना आहे?’

मार्क नाहीत म्हटल्यावर दुसरीने विचारलं, ‘मग बरोबर उत्तर कोणतं?’ मी म्हटलं, तुला जे होतं ते. तिला ते पटलं नाही. मुलींनी डोकी एकत्र करून चर्चा केली आणि ‘खूप’ लिहायचं असं ठरवलं. एकीला ‘थोडं’ लिहायचं होतं, तिला बाकीच्यांनी ‘असं बरं दिसत नाही’ म्हणून गप्प केलं. मागच्या बाकांवर तर कहर झाला. तिथे मुलगे भीतीच्या फॉर्मचीही कॉपी करत होते. पहिल्याने सरसकट ‘अजिबात नाही’वर खुणा केल्या आणि फॉर्म मागे सरकवला. सातव्या प्रश्नाला घाईत त्याच्याकडून दोन खुणा झाल्या होत्या, तर त्याच्यामागच्या तीन बाकांवर सातव्या प्रश्नाला सगळ्यांच्या दोन-दोन खुणा. स्वतःला काय वाटतं हेही शेजाऱ्याचं बघून लिहिणारी ही मंडळी. मी त्यांना शिकवत होते, त्यामुळे फार हसायचा हक्क मला नाही.

आणखी एक गंमत घरी आल्यावर कळली. रोल नंबर नसलेला पेपर तपासला जाणार नाही, हे आम्ही त्यांच्या डोक्यात इतकी वर्षं इतकं ठोकलेलं होतं की निम्म्या वर्गाने उजव्या कोपऱ्यात इमानदारीत रोल नंबर घातला होता. नाव लिहू नका म्हटलं होतं ना, मग नाव कुठे लिहिलंय? अशाने मला एका फॉर्मचा मालक कळला, जो कळायला नको होता.

हा मुलगा मोरा बंदराकडचा. तिकडे उरणला धक्क्याजवळ त्यांचं घर, वडिलांची होडी, आई बाजारात मासळी विकायची. बाकी सगळे विषय त्याने रडतखडत का होईना सोडवले होते, पण पहिल्या वर्षाचा संख्याशास्त्राचा पेपर अजून लटकत होता. दोनदा बसला आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासाची घंटा झाली की उठून गेला. पहिल्या अर्ध्या तासात कोणालाही हॉलबाहेर सोडत नाहीत, तो नियम आहे. घंटा वाजली की हा उभा राहायचा, कॉलर सारखी करायचा, पेपर टेबलावर ठेवायचा आणि निघायचा. बाहेर मित्र शिट्ट्या मारायचे. ‘अर्ध्या तासाचा राजा’ हे नाव त्यांनीच ठेवलेलं. मुली त्याच्याकडे चोरून बघायच्या आणि आम्ही स्टाफरूममध्ये ‘माज आहे नुसता’ म्हणून नाकं मुरडायचो. सगळ्यात जास्त मी, कारण विषय माझा होता आणि मला तो अपमान वाटायचा.

त्याच्या फॉर्मवर सगळीकडे ‘खूप’वर खूण होती. मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलं होतं:

‘घरी करतो तेव्हा सगले बरोबर येतात. हॉलमध्ये हात गार होतात, आकडे दिसतात पण वाचता येत नाय. उलटी येईल असं वाटतं म्हणून उठतो. आधीच उठलो असतो पण सोडत नाय. जूनमध्ये बंदराजवळच्या गोदामात जागा हाय, साहेब बोलला डिग्री लागेल. या टायमाला पेपर निघायला पाहिजे. कोनाला सांगू नका.’

मी ते दोनदा वाचलं आणि मला खरोखर वाईट वाटलं. पण नुसतं वाईट वाटायला काही लागत नाही. दुसऱ्या दिवशी तो फॉर्म, रोल नंबरावर बोट ठेवून, मी विभागप्रमुखांना दाखवला.

‘मुलग्यांमध्ये असा एकच निघालाय?’

‘हो सर.’

‘मग मस्करी केली असेल कोणीतरी. काढून टाका तो, उगाच चार्ट बिघडतो.’

विचित्र दिसणारा आकडा बाजूला काढायची रीत संख्याशास्त्रात आहे आणि मी ती दरवर्षी शिकवत असे. फक्त तिथे कारण लिहावं लागतं. मी कारण न लिहिता काढला. पुढच्या वर्षीच्या नेमणुकांची यादी त्यांच्या टेबलावर उघडीच पडली होती आणि मला उलटं वाचता येतं. त्याने ‘कोनाला सांगू नका’ लिहिलंय, या सबबीचाही मला मोठा आधार वाटला. वास्तविक विभागप्रमुखांना दाखवून मी ते आधीच मोडलं होतं. आणि त्याच्याशीच बोलू नका, असं तर त्याने कुठेच लिहिलं नव्हतं.

चार्ट सुंदर झाला. गुलाबी खांब छताला टेकलेले, निळे जमिनीला. समितीतल्या एका बाईंनी पुढे त्याचा फोटो काढून घेतला.

मग मुलींसाठी कार्यशाळा. नवी मुंबईतून एक तज्ज्ञ बाई आल्या, सोबत उदबत्ती आणि बासरीची धून. मुलींना गाद्यांवर बसवून म्हणाल्या, ‘डोळे मिटा. तुम्ही एका शांत समुद्रकिनारी आहात. मंद वारा सुटलाय.’ उरणकडच्या दोघी खुसखुसल्या. त्यांतली एक डोळे न उघडताच म्हणाली, ‘मॅडम, किनाऱ्यावर तर आमी मासली सुकवतो. कावले हाकवायला बसवतात, शांत कुटला.’ तज्ज्ञ बाईंनी तिला दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. त्या मुलीला खरं तर कार्यशाळेची काडीची गरज नव्हती, पण मुलगी होती, म्हणून गादी तिची.

मुलगे होते ते खुर्च्या उचलायला आणि गाद्या घालायला. तोही होता. कार्यशाळा सुरू व्हायच्या आधी त्याने खांद्यावर गादी आणली आणि माझ्यासमोर थांबला. दाराशी विभागप्रमुख फोटोग्राफरला जागा दाखवत होते. तो हसत म्हणाला, ‘मॅडम, हे पोरींनाच का? आमाला नाय?’

मागची पोरं हसली. तो हसतच होता, पण गादी खाली न ठेवता थांबला होता. त्याला उत्तर हवं होतं. वर्गात फॉर्मचा गठ्ठा मीच गोळा केला होता, त्यामुळे वाचणारी मीच हे त्याला ठाऊक होतं. मला वाटतं, तो तेच विचारत होता की वाचलंत का.

मी म्हटलं, ‘तुला कशाला? तू तर अर्ध्या तासाचा राजा.’

पोरं खिदळली. विभागप्रमुख सगळ्यात मोठ्याने हसले, आणि त्यांना हसवलं याचा मला आनंद झाला. तोही हसला. गादी खाली टाकली, चारही कोपरे नीट केले आणि दुसरी आणायला गेला. मी आयुष्यात बरेच हलकटपणे केले असतील, पण त्यांतला हा सगळ्यात स्वस्त होता.

पेपरच्या दिवशी मी त्याच्याच हॉलवर होते. आपल्या विषयाच्या पेपरला आपल्याला सुपरव्हिजन देत नाहीत, पण त्या दिवशी दोघीजणी रजेवर होत्या आणि तासिकावाल्यांना नाही म्हणायची सोय नसते. तो खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर बसला होता. पेपर वाटून दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका मुलीने डोकं टेकलं. ‘मॅडम, चक्कर येतेय.’

पुढची पाच मिनिटं हॉलमध्ये लग्नघराची धावपळ. शेजारच्या हॉलवरच्या मॅडम धावल्या, मावशी ग्लुकोजचं पाणी घेऊन आल्या, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला सिकरूममध्ये पंख्याखाली नेऊन बसवलं आणि उरलेला पेपर तिने तिथेच लिहिला. निम्मी चक्कर खोटी असावी असं मला तेव्हाही वाटलं. तरी मी केलं, कारण मुलीला चक्कर आली की काय करायचं ते आमच्या हातांना पाठ होतं. या सगळ्यात तो समोर बघत बसला होता. पेनाचं टोपण काढलेलं नव्हतं.

अर्ध्या तासाची घंटा झाली आणि तो उठला. कॉलर सारखी केली नाही. टेबलापाशी आला, पण पेपर लगेच ठेवला नाही, हातात धरून उभा राहिला. मी जवळून बघितलं. ओठांवर घाम होता आणि तो सारखा थुंकी गिळत होता. फार काही करावं लागणार नव्हतं. ‘बस दहा मिनिटं, पाणी पी, चल सिकरूममध्ये,’ एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्या जिभेवर आलंही. पण सिकरूममध्ये मुलगी बसलेली, मागे पोरं मान वर करून मजा बघतायत, आणि एवढ्या मोठ्या मुलाला ग्लुकोज पाजताना कोणी बघितलं तर काय म्हणेल, हे सगळं मी त्या दोन सेकंदांत विचारात घेतलं.

‘सही कर,’ मी म्हटलं.

त्याने सही केली आणि पेपर ठेवला. उत्तरपत्रिकेवर सुरेख अक्षरात बैठक क्रमांक होता. आत पहिल्या पानावर पेन्सिलने तक्ता आखलेला, पाच रकाने, सगळे रिकामे. बाहेर शिट्ट्या वाजल्या.

निकाल लागल्यावर आठवड्याभरात त्याची आई आली. सकाळचा बाजार उरकून, दोन बस बदलून पनवेलला आलेली. विभागप्रमुखांनी तिला ‘विषय मॅडमचा आहे’ म्हणून माझ्याकडे पाठवलं आणि स्वतः चहाला गेले. तिला एक पत्र हवं होतं. पोरगा पुढच्या परीक्षेत पास होईल असं कॉलेजने लिहून दिलं तर गोदामाचा साहेब जागा धरून ठेवेल, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. मी तिला खुर्ची दिली. ती टेकल्यासारखी बसली.

‘बाय, तो बोलतो पेपर सोपा होता, कंटाला आला नि उठलो. मी बोलले, सोपा होता तर पुरा का नाय केलास? तर हसतो. बाप बोलतो, माज हाय पोराला. शालेत माज नव्हता कवा. तुमी शिकवता त्याला. काय हाय ते तुमी सांगा.’

खरं बोलायची वेळ आली की मला आपण फार थोर आहोत असं वाटायला लागतं, तसं तेव्हाही वाटलं. मी आवाज खाली आणून म्हटलं, ‘मावशी, त्याला माज नाही. त्याला परीक्षेची भीती वाटते.’

आता ती म्हणेल की दर्यावर जाणाऱ्याचा पोर कागदाला कसा भिईल, मग मी तिला समजावून सांगेन, अशी माझी तयारी होती. चार सोपी वाक्यं मी जुळवूनही ठेवली होती.

‘ठाव हाय मना,’ ती म्हणाली. ‘पेपरच्या दिशी मोरीत नल सोडून उलट्या करतो, आवाज येऊ नये म्हनून. आमी बोलत नाय. बोललो तर आनखीन लाजंल. मना वाटला, घरात तेवढा ठाव हाय, कालेजात कोनाला ठाव नसंल, म्हनून तुमाला इचारला. तुमाला कवा कलला?’

‘परीक्षेच्या आधी.’

‘आधी?’

‘त्याने एका कागदावर लिहून दिलं होतं.’

तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

‘लिवून दिलान,’ ती म्हणाली. ‘आमाला कवा तोंडाने बोलला नाय तो, नि तुमाला लिवून दिलान.’ मग विचारलं, ‘त्या दिशी त्याच्या हातातना पेपर कोनी घेतला?’

‘मी.’

तिने मान हलवली आणि उठली. मी घाईघाईने म्हटलं, ‘मावशी, थांबा, मी पत्र देते. सगळं सविस्तर लिहिते. साहेबांना समजेल.’

‘काय लिवनार? पोरगा घाबरतो म्हनून?’ ती दारात थांबली. ‘नको बाय. तुमाला समजला होता, तरी तुमी पेपर घेतलात. तो गोदामवाला काय तुमच्यापेक्षा शाना हाय?’